दाराजवळची खुर्ची

४ जून

ती. आईंना नमस्कार,

सुखरूप पोहोचले. खोली मिळाली, आणि तुम्ही बजावल्याप्रमाणे आधी अंथरूण घातलं, मग बॅग उघडली. खोली हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला आहे. खिडकीतून धुलाईखान्याचं धुराडं आणि वाळत घातलेल्या हिरव्या चादरी दिसतात. फोन सकाळीच कपाटात ठेवून कुलूप लावावं लागतं, आणि संध्याकाळी घरी लावला की तुमची नात तो कुणाच्या हाती लागू देत नाही. भुंगा नाव ठेवलं तेव्हा वाटलं होतं, मोठी झाली की गुणगुणणं थांबेल. कसलं काय. तेव्हा पत्र लिहायची तुमची सूचनाच बरी.

ही फेलोशिप म्हणजे नक्की काय, ते शेजारच्या काकूंना समजेल असं लिही म्हणालात. तर किडनी, मूत्राशय असल्या जागची ऑपरेशनं मी इतकी वर्षं वीतभर चीर घेऊन, पोट उघडून करत आले. इथे तेच काम पोटावर तीन-चार बारीक भोकं पाडून करतात. एका भोकातून कॅमेरा जातो, बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारं. डॉक्टर सगळा वेळ पडद्याकडे बघतो आणि पेशंट दुसऱ्या दिवशी चालायला लागतो. हे वर्षभर शिकायचं आणि परत येऊन आपल्याकडे सुरू करायचं. आपल्या भागात हे करणारं कुणी नाही, हे तुम्हीच मला अर्ज भरताना ऐकवलं होतं.

आमच्या प्रमुख मॅडम कडक आहेत. सुरुवातीला नवीन माणसाने फक्त कॅमेरा धरायचा. टाका घालायला मिळणार तो पेटीवरची परीक्षा पास झाल्यावर. पेटी म्हणजे बंद खोका, आत स्पंजचा तुकडा. भोकांतून हत्यारं घालायची आणि पडद्यावर बघून गाठ मारायची. माझी नजर सारखी स्वतःच्या हातांकडे जाते. मॅडमनी आज माझ्या हातांवर टॉवेल टाकला. या वयात असं कोणी केलं की कान लाल होतात.

एक मनात राहिलं आहे. स्टँडवर मी थर्मासमधला चहा ओतून दिला, तो तुम्ही घेतला नाहीत. कप हातात धरून उभ्या राहिलात आणि बस हलल्यावर यांच्या हातात दिलात. निघताना माझं काही चुकलं का?

तुमची,
सूनबाई


१५ जून

चि. सूनबाईस आशीर्वाद,

पत्र पोहोचलं. काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं की पडद्याकडे बघताना मालिका लागली तर काय करतात. मी म्हटलं, आमची सून मालिका बघत नाही, म्हणून तर तिला घेतलं.

टॉवेलचं वाईट वाटून घेऊ नकोस. शाळेत मी सुद्धा पोरांच्या पाढ्यांच्या पुस्तकावर हात ठेवत असे. ज्याला येणार असं वाटतं त्याच्याच पुस्तकावर ठेवायचा असतो. बाकीच्यांना बघू द्यायचं.

घर ठीक आहे. चिरंजीवांनी दूध उतू घालवून घालवून शेगडीला नवा रंग दिला आहे. भुंगा शाळेत जाताना तुझा जुना स्टेथोस्कोप दप्तरात घालून नेते आणि बाईंना तपासते.

चहाचं काही नाही. घरून घेऊन निघाले होते. तू उगाच डोक्यात घोळवत बसू नकोस, तुझा तो स्वभावच आहे.

आई


२० जुलै

ती. आईंना नमस्कार,

पेटीवर रोज बसते. माझ्याबरोबर आणखी एक फेलो आहे, उंचच्या उंच, आम्ही त्याला लंबू म्हणतो. तो परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाला आणि आता टाके घालतो. मी अजून कॅमेरा धरते. कॅमेरा धरणंही सोपं नाही. मला जिथे जावंसं वाटतं तिथे मी तो नेते, आणि मॅडम म्हणतात, ऑपरेशन माझं चाललंय, तुझं नाही. खरं आहे त्यांचं. हट्टाने शिकणार आहे, एवढं नक्की.

ओपीडी मला आवडते. म्हातारे आजोबा प्रोस्टेट दाखवायला येतात, सोबत बायको. आजोबा तपासणीला आत गेले की ती बाई खुर्ची जवळ ओढते आणि हळूच म्हणते, डॉक्टर, माझंही जरा आहे. मग मी विचारते: हसताना, खोकताना, शिंकताना लघवी होते का? बाहेर जायचं टाळता का? पाणी कमी पिता का? निम्म्याहून जास्त बायका हो म्हणतात, आणि वर म्हणतात, वयाने व्हायचंच. मला राग येतो. घरात कुणी म्हणून कुणी त्यांना विचारलेलं नसतं.

तुम्ही इथे या ना चार दिवस. भुंग्याला घेऊन या. आपल्या स्टँडवरून थेट बस सुटते, मध्ये कुठ्ठे म्हणजे कुठ्ठे थांबत नाही. बसलात की इथेच उतरायचं. खिडकीजवळची जागा यांना आधीच काढून ठेवायला सांगते.

तुमची,
सूनबाई


२ ऑगस्ट

चि. सूनबाईस आशीर्वाद,

येणं जमणार नाही. गुडघे कुरकुरतात आणि बसचा प्रवास आता नको वाटतो. भुंग्याला चिरंजीव घेऊन येतील.

पेटीचं वाचलं. लंबू पहिल्या झटक्यात पास झाला याचं तुला का एवढं? त्याला आधीची सवय मोडायची नव्हती. तुला मोडायची आहे.

बाकी इकडे विशेष काही नाही.

आई

ता.क. आई मी भुंगा लिहिते. आजी मला हसवू देत नाही. मी माकडाचं तोंड केलं की म्हणते आत्ता नको आणि आत निघून जाते. आधी हसायची. तू कधी येणार.


१ सप्टेंबर

ती. आईंना नमस्कार,

आडवळणाने लिहायचं मला जमत नाही, सरळ विचारते. तुम्ही माझ्यावर रागावला आहात का?

यांनी फोनवर सांगितलं की भुंग्याच्या शाळेच्या कार्यक्रमातून तुम्ही तिचं गाणं न ऐकताच परत आलात, कारण हवी ती खुर्ची मिळाली नाही. हे हसत होते, म्हणाले, मुख्याध्यापिकाबाईंचा मान. मला हसू आलं नाही. तुम्ही मानापानाच्या बाई नाही, हे मला लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे. मग कळलं की शनिवारचं वाचनमंडळही तुम्ही सोडलंत. जे तुम्हीच सुरू केलं होतं. त्यात भुंग्याची ती दोन ओळींची चिठ्ठी. चहा घेतला नाहीत, इकडे येत नाही, हसत नाही, कुठे जात नाही. मी घर तुमच्या गळ्यात टाकून आले आणि तुम्ही तोंडाने बोलत नाही, एवढंच मला त्यातून दिसतं.

तुमची,
सूनबाई


१२ सप्टेंबर

सूनबाई,

मी रागावलेले नाही. हे पुन्हा विचारू नकोस. पेटीचं काय झालं ते लिही.

आई


३ ऑक्टोबर

ती. आईंना नमस्कार,

तुमचं तीन ओळींचं पत्र मी जपून ठेवलं आहे. त्यात जे नाही ते मला कळलं.

पेटीची परीक्षा काल झाली. नापास झाले. गाठ बसली, पण शेवटी शेवटी मी टॉवेलखाली हात चाचपत होते, आणि डोक्यात तुमचं ‘पुन्हा विचारू नकोस’ फिरत होतं. नंतर मॅडमच्या खोलीत गेले आणि म्हटलं, मला सोडायचंय. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, घरचं माणूस दुखावलंय. त्या म्हणाल्या, हे कारण माझ्याकडे अजून कुणी दिलेलं नाही, आठवडाभर विचार कर आणि मग लेखी दे.

मी विचार केला आहे. टाके काय, पुढेमागे कुठेही शिकता येतील. तुम्ही मात्र एकच आहात. पुढच्या सोमवारी लेखी देते आणि महिनाअखेर घरी येते. तुमचं काय बिनसलंय ते समोर बसून ऐकेन.

तुमची,
सूनबाई


७ ऑक्टोबर

सूनबाई,

हे पत्र कुरियरने पाठवते आहे, सोमवारच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून. आधी तुला झापते, मग बाकीचं.

अर्ज तुझ्या हातात कुणी कोंबला होता? मी. तू म्हणत होतीस, आता चाळिशीत कुठे शिकायला जाऊ, पोर लहान आहे. तेव्हा ‘घर मी बघते’ असं म्हणणारी मी, आणि आता माझ्याच रुसव्याच्या नावाखाली तू परत येणार? मी इतकी वर्षं शाळा चालवली. मला रुसायचं असतं तर मी तुझ्या तोंडावर रुसले असते आणि तुला जेवण गेलं नसतं. शेपूट घालून परत आलीस तर मात्र खरंच रुसेन.

आता बाकीचं. चिरंजीव कामावर आहेत, भुंगा शाळेत. दाराला कडी घालून लिहिते आहे.

मला लघवी धरवत नाही.

लिहिलं एकदाचं. हे वाक्य लिहायला सकाळपासून बसले होते. दोन वर्षं झाली असतील. आधी नुसतं शिंकताना, मग खोकताना, आता हसले तरी. तुझा नवरा जन्माला आला तेव्हा पासष्ट तास माझा जीव टांगणीला लावून, चिमटे लावून बाहेर काढावा लागला होता आणि वजनाला चांगला दणकट होता. तेव्हापासून थोडं होतंच. शाळेत बायकांसाठी एकच संडास, त्यालाही कडी नव्हती, म्हणून सकाळपासून पाणी न पिण्याची सवय. तीच सवय आजवर कामी आली.

स्टँडवरचा चहा मी घेतला नाही, कारण तिथून घरापर्यंत मधे कुठे सोय नाही. तुझा कप हातात धरला होता तो ऊब लागत होती म्हणून. सोडावासा वाटत नव्हता. आणि तू मला कौतुकाने लिहितेस, बस मध्ये कुठ्ठे म्हणजे कुठ्ठे थांबत नाही. ते वाचून मला हसू आलं आणि मग लगेच आत जावं लागलं.

भुंग्याच्या कार्यक्रमाला मी लवकर गेले होते. मला दाराजवळची खुर्ची हवी होती. ती कुणीतरी घेतली आणि मला मोठ्या मानाने पहिल्या रांगेत मधोमध बसवायला निघाले. तिथून उठायचं तर दहाजणांचे गुडघे ओलांडावे लागतात. मी घरी आले. रिक्षात बसून तिचं गाणं मनातल्या मनात म्हटलं, घरी तिने इतकं घोकलं होतं की मला पाठ होतं.

वाचनमंडळात आमचे निवृत्त चित्रकलेचे मास्तर काहीतरी बोलले आणि सगळे खो-खो हसले. मीही हसले. उठायच्या वेळी कळलं, खुर्चीची गादी ओली आहे. मी अंगावरची शाल त्यावर टाकली आणि सगळे जाईपर्यंत बसून राहिले. मग गादी पिशवीत घालून घरी आणली, धुतली, वाळवली आणि काकूंच्या हाती परत पाठवली. त्यानंतर गेले नाही. मला फार लाज वाटली गं. एवढी लाज मला नवरा गेल्यावर एकटीने संसार ओढताना लोक बोलले तेव्हाही वाटली नव्हती.

ओपीडीतल्या बायकांबद्दलचं तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. वाटलं, हिने हेच मला विचारावं. आणि लगेच वाटलं, विचारलं तर मी नाही म्हणेन. तू त्याच आजाराची डॉक्टर, म्हणून तर जास्त अवघड. तुझ्यासमोर मी सासू म्हणून ताठ बसते. तेवढाच माझा तोरा उरला आहे, तोही पेशंट होऊन घालवणं जिवावर आलं होतं.

पण तुझं वर्ष माझ्या लाजेपायी बुडत असेल तर लाज गेली खड्ड्यात. मॅडमना काही लेखी देऊ नकोस. पेटीवर बस. मग सवड झाली की डॉक्टर म्हणून काय ते लिही. सून म्हणून रडगाणं लिहू नकोस.

आई


११ ऑक्टोबर

ती. आईंना नमस्कार,

रडगाणं इथेच उरकून घेतलं, कागदावर आणत नाही. एकच वाक्य लिहिते आणि पुढे जाते. दिवसाला वीस बायकांना विचारते ते मी माझ्या घरात एकदाही विचारलं नाही, आणि वर तुमच्यावर रुसव्याचा आळ घेतला.

आता डॉक्टर. हा आजार आहे, वयाचा कर नाही. मूत्राशयाच्या मानेला, म्हणजे त्याच्या खालच्या तोंडाला, आधार देणारे स्नायू सैल झाले आहेत. बरा होतो. आधी लघवीची आणि साखरेची तपासणी करून घ्या, आपल्याकडच्या माझ्या हॉस्पिटलातल्या बाई डॉक्टरांना मी फोन केला आहे, त्या तुमच्याशी नीट बोलतील. पाणी पिणं बंद करायचं नाही, उलट त्रास वाढतो. सोबत व्यायाम लिहून पाठवते. वायू अडवताना आपण खालून जसं आवळतो तसं आवळायचं, धरून ठेवायचं, सोडायचं. पाठीचा कणा ताठ ठेवून करायचा, ते तुम्हाला सांगायला नको. तीन महिने नेमाने करा. पुरेसं झालं नाही तर ऑपरेशन आहे, दुर्बिणीतूनच.

मॅडमकडे गेले आणि म्हटलं, कारण चुकीचं होतं. रुसवा नव्हता, आजार आहे. कुणाचा, ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, मग सोडून जाऊन कसा बरा होईल? आणि पेटीकडे बोट दाखवलं.

आज टॉवेल मी स्वतःच टाकून घेतला.

तुमची,
सूनबाई


१४ जानेवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद,

व्यायाम एक दिवसही चुकवलेला नाही. शिंकेचं पुष्कळ आवरलं आहे. हसण्याचं नाही. बाई डॉक्टरांनी तपासलं, म्हणाल्या, तुम्ही मन लावून केलंत म्हणून एवढं तरी झालं, पुढचं व्यायामाने व्हायचं नाही. मी म्हटलं, मग पुढचं करू. त्याच म्हणाल्या की तुझ्या मॅडमचा हात फार चांगला आहे.

तेव्हा तारीख काढ. माझ्या दोन अटी. एक, चिरंजीव मला गाडीने आणतील आणि मी सांगेन तिथे थांबतील, तोंडातून चकार शब्द न काढता. त्यांना मी सगळं सांगितलं आहे. बिचारा आधी गोरामोरा झाला आणि मग म्हणाला, म्हणजे हे माझ्यामुळे? मी म्हटलं, हो, आता निमूट गाडी चालव. दुसरी अट, ऑपरेशनच्या खोलीत तू यायचं नाहीस. मला बेशुद्ध बघायचा अधिकार सुनेला नाही.

तू पेटीत पास झालीस हे मला चिरंजीवांकडून कळलं, तुझ्याकडून नाही. याचा हिशोब समोरासमोर करू.

आई


६ मार्च

ती. आईंना नमस्कार,

तुम्ही गेल्यापासून खोली फार मोठी वाटते. तुमची उशी अजून खिडकीकडेच आहे.

तुमची दुसरी अट इथला नियमच निघाली, घरच्या माणसाच्या ऑपरेशनला आत जाता येत नाही. कॅमेरा लंबूने धरला. मी बाहेर बाकावर बसले, बाकीच्या नातेवाइकांमध्ये. त्या दाराकडे बाहेरून मी कधी बघितलंच नव्हतं. त्यावरचा दिवा लागला की आत काय काय चालतं हे पाठ असूनही मला काही सुचत नव्हतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण आहे आत? मी म्हटलं, आई. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मी डॉक्टर आहे हे त्यांना सांगायची हिंमत झाली नाही.

मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, दोन्ही बाजूंनी टाके घेतले, मानेला चांगला आधार बसलाय. मग म्हणाल्या, शुद्ध हरपताना त्या भूलतज्ज्ञांना सांगत होत्या, आमच्या सुनेला टाके घालायला कधी देणार ते मॅडमना विचारा. आई, पेशंटने वशिला लावल्याचं उदाहरण या हॉस्पिटलात हे पहिलंच.

काल त्यांनी सुई माझ्या हाती दिली. तुमच्यासारखीच एक आजी, तुमच्यासारखाच त्रास. मी पडद्याकडे बघत होते आणि हातांकडे बघायची आठवणसुद्धा झाली नाही. गाठ बसल्यावर मॅडमनी फक्त ‘पुढे’ म्हटलं.

मेअखेर फेलोशिप संपते. शेवटच्या दिवशी सभागृहात आम्ही आपापलं काम सर्वांपुढे मांडतो, घरच्यांनाही बोलावतात. तुम्ही या. गाडीने या, थांबत थांबत या. तुमच्यासाठी दाराजवळची खुर्ची मी सकाळीच जाऊन धरून ठेवीन.

तुमची,
सूनबाई


१९ मे

चि. सूनबाईस आशीर्वाद,

येते आहे. भुंगाही येते आहे आणि तुझं भाषण संपलं की गाणार आहे म्हणते, तेव्हा मॅडमना आधी कल्पना देऊन ठेव.

गेल्या शनिवारी वाचनमंडळात गेले. चित्रकलेचे मास्तर बोलायला उभे राहिले आणि मी म्हटलं, बघूया. त्यांचा विनोद तोच जुना होता. मी पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि पाणी फक्त डोळ्यांतूनच आलं. नंतर चहाच्या वेळी आमच्यातल्या एक बाई हळूच उठून दाराजवळ जाऊन बसल्या. कप तसाच ठेवलेला. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि तुझे ते प्रश्न विचारले. एकेक करून, हळू आवाजात. त्या आधी नाही म्हणाल्या. मग रडल्या. जूनमध्ये तू परत आलीस की त्यांना तुझ्याकडे घेऊन येते. आणखीही दोघी आहेत. तुझं खातं सुरू व्हायच्या आधीच मी रांग लावून ठेवली आहे, तेव्हा आल्यावर आराम वगैरे विसर.

चिरंजीवांना गाडी काढू नको म्हणून सांगितलं आहे. मी बसने येणार, त्याच, मध्ये कुठ्ठे न थांबणाऱ्या. थर्मास भरून घेते आहे. स्टँडवरचा तुझा एक कप माझ्याकडे राहिला आहे, तो बस हलली की पिणार.

आणि दाराजवळची खुर्ची धरू नकोस. ती तिथे कुणाला तरी लागेल. माझ्यासाठी पहिल्या रांगेतली धर, मधोमध.

आई